बॉयलरचं सर्टिफिकेट ‘पोस्टाने येईल’ म्हणाला होता

रेडिंगचं घर विकताना आमचे 2,600 पौंड गेले, तेही एका कागदापायी. इंग्लंडमध्ये घर असेल तर वाचाच.

डिसेंबर 2016 मध्ये बॉयलर बंद पडला. घरात तान्हं बाळ, सासूबाई नुकत्याच पुण्याहून आलेल्या. ओळखीतून आलेल्या एकाने नवा कॉम्बी (घर तापवणारा आणि नळाला गरम पाणी देणारा बॉयलर) बसवला आणि 1,850 पौंड रोख घेतले. (रोख दिले म्हणून हसू नका, त्या आठवड्यात दुसरं कुणी यायलाच तयार नव्हतं.) गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड दाखवलं ना त्याने! पण कसं? फोटोवर अंगठा, आणि मागची बाजू दाखवलीच नाही. कुठल्या कामाची परवानगी आहे ते मागेच लिहिलेलं असतं. तो अंगठा मला अजून दिसतो. पण हातात आपल्याच घरचा चहा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला “कार्ड उलटं कर” असं कोण म्हणतं? मॅन्युअलमधलं बेंचमार्कचं पान, जे बसवणाऱ्याने भरायचं असतं, तेही कोरंच. “सर्टिफिकेट पोस्टाने येईल.”

बसवणाऱ्याने 30 दिवसांत गॅस सेफकडे कामाची नोंद करायची असते, त्यावरूनच काम नियमानुसार झाल्याचं सर्टिफिकेट येतं. दीड-दोन महिन्यांत कागद आला नाही तर तेव्हाच मागे लागा.

विक्रीच्या टीए6 फॉर्मवर (विक्रेत्याने घराची माहिती भरून द्यायचा फॉर्म) बॉयलरचा प्रश्न आला आणि सगळं उघडं पडलं. नोंद असती तर थोडक्या पैशांत दुसरी प्रत मिळाली असती. नोंदच नव्हती, आणि पावतीवर खरडलेला गॅस सेफचा नंबर भलत्याचाच.

मी सरळ मनाने काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन केला. तिथे दुसरा फटका! अशा वेळी विक्रेता स्वस्तातली इंडेम्निटी पॉलिसी (कागद नसल्यामुळे पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) खरेदीदाराला काढून देतो, पण काउन्सिलच्या कानावर गेलं की विमावाले हात वर करतात. सॉलिसिटरने, म्हणजे विक्रीचं काम बघणाऱ्या वकिलाने, हे फोननंतर सांगितलं. काउन्सिल म्हणे, रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेल्या कामाला मागाहून मंजुरीचा, अर्ज करा, आधी फी भरा. ग्राहक तक्रारवाले म्हणे, त्याचा सध्याचा पत्ता द्या. अहो, पत्ता असता तर मीच त्याच्या दारात गेलो नसतो का? पोलिसांकडून मिळाला फक्त एक संदर्भ क्रमांक.

खरेदीदाराने किमतीतून 2,400 कापले. 200 गेले नोंदणीकृत माणसाच्या तपासणीत, आणि त्यात फ्लूचा (बॉयलरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा) सांधाच सैल निघाला. पलीकडे बाळाची खोली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा.

कार्डावरचा नंबर गॅस सेफच्या साइटवर फुकट तपासता येतो, त्या माणसासमोरच तपासा. वाईट वाटलं त्याला तर वाटू दे. आणि खिडक्या बदलल्या असतील तर फेन्साचा (खिडक्या नियमानुसार बसवल्याचा) कागदही आत्ताच शोधून ठेवा.