स्कोअर सुधारायचाय: गोल्ड लोन घ्यावं की एफडीवरचं क्रेडिट कार्ड?

सिबिल, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो त्याचा स्कोअर, सहाशेच्या खाली गेला की पर्सनल लोनवाले दारात उभं करत नाहीत, ज्याच्यावर आलंय त्याला हे सांगायला नको. मग रस्ते उरतात दोनच, सोनं ठेवून लोन नाहीतर एफडी ठेवून कार्ड. मी इथे इंदूरला दोन्ही केलंय, एकामागून एक, म्हणून लिहितोय.

माझं असं झालं की लॉकडाऊनमध्ये कार्डाचं बिल थकलं, रिकव्हरीवाला म्हणाला अर्ध्यात मिटवून टाका, मीही एकदाचं सुटलो म्हणून भरून टाकलं, आणि सिबिलच्या रिपोर्टात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं, असं लागलं. स्कोअर 582.

आधी गोल्ड लोन केलं, हिच्या पाटल्यांवर. तासाभरात पैसे हातात, व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी, स्कोअरची फारशी विचारपूस नाही. फी भरायचीय, दवाखाना निघालाय, अशी रोख पैशाची नड असेल तर खरंच हेच बरं, कारण एफडीवाल्या कार्डात आपलेच पैसे अडकवून त्याच्या आतली लिमिट मिळते आणि एटीएममधून रोख काढलीत तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

पण मला खटकलं ते वेगळंच. माझं लोन बुलेटवालं होतं, मुद्दल आणि व्याज वर्षाअखेर एकदम. दर महिन्याला काही भरायचंच नाही तर मी वेळेवर भरणारा माणूस आहे हे दिसणार कुठून? दर महिन्याला मोबाइलवर स्कोअर बघायचो, पाच वर जायचा, तीन खाली यायचा. त्यात महालक्ष्म्या आल्या. ही नैवेद्याचं ताट घेऊन उभी, हातात नुसत्या काचेच्या बांगड्या, आत्यांनी विचारलं, “पाटल्या पॉलिशला टाकल्यास का गं?” ही “हो” म्हणाली आणि आत निघून गेली. वर्षभर सोनं घराबाहेर ठेवून स्कोअर तिथल्या तिथेच, हे काही मला पटेना. (महिन्याच्या हप्त्याचं गोल्ड लोनही मिळतं, सोनंच ठेवायचं असेल तर तेच मागा, मला तेव्हा सुचलं नाही.)

पाटल्या सोडवल्या आणि 20,000ची एफडी करून 15,000 लिमिटचं कार्ड घेतलं. एफडीवर लीन लागतं, म्हणजे कार्ड आहे तोवर ती बँकेकडे अडकलेली, पण तिचं व्याज आपल्याला मिळत राहतं. किराणा आणि विजेचं बिल एवढंच त्यावर, ऑटो डेबिट पूर्ण रकमेचं, ‘मिनिमम ड्यू’चं (बिलातल्या किमान रकमेचं) अजिबात नाही, नाहीतर पुन्हा त्याच खड्ड्यात.

याचाही त्रास आहे. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत रहा म्हणतात, म्हणजे माझे झाले 4,500, त्यात महिन्याचा किराणा जेमतेम बसतो. दिवाळीत कपड्यांचे 11,000 एकदम गेले, बिल वेळेवर भरलं तरी स्कोअर घसरला. तेव्हापासून बिल बनायच्या दोन दिवस आधीच बरेचसे पैसे भरून टाकतो, म्हणजे ब्युरोकडे (स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडे) आकडाच लहान जातो. जानेवारी 2025मध्ये बँकांना ब्युरोंकडे पंधरवड्याला माहिती पाठवणं सक्तीचं झालं, त्यामुळे सुधारणाही आता लवकर दिसते असं मला तरी वाटतं.

चौदा महिन्यांनी 711 झाला. सगळं श्रेय कार्डाला देता येणार नाही, मधे मी त्या जुन्या खात्याची सोडलेली रक्कम भरून नो ड्यूज (काही बाकी नाही असं बँकेचं पत्र) घेतलं आणि ‘सेटल्ड’ बदलून घेतलं. रिपोर्टात काही चुकलेलं असेल तर तक्रार जरूर टाका, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे, आणि चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका.

तुमची नड रोखीची असेल तर माझं ऐकू नका, पण फक्त स्कोअरच वर आणायचा असेल तर मी तरी कार्डच म्हणेन. माझी एफडी अजून तशीच आहे, आता साधं कार्ड मिळतंय तरी हे बंद केलं नाही, जुनं खातं चालू राहिलेलं बरं असतं. पाटल्या यंदा महालक्ष्म्यांना हिच्या हातात होत्या.