सेफ्ट्रायक्सोन इंजेक्शन: आईला सात दिवसांच्या कोर्समध्ये आलेला अनुभव

औषधाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण आईला किडनीचं इन्फेक्शन होऊन ते रक्तात गेलं तेव्हा मी तिच्या बेडशेजारी बसून प्रत्येक डोस डोळ्यांनी बघितलाय, म्हणून लिहितेय. सेफ्ट्रायक्सोन हे अँटिबायोटिक आहे, आणि औषध उत्तम आहे हे आधीच सांगते. पण ते कसं देतात यावर सगळं आहे.

थंडी वाजून ताप, बीपी खाली आणि आई असंबद्ध बोलायला लागलेली, अशी आम्ही कॅज्युअल्टीत गेलो. तिथे पहिला डोस द्यायच्या आधी दोन्ही हातांतून कल्चरसाठी (म्हणजे कुठला जंतू आहे ते शोधायच्या तपासणीसाठी) रक्त घेतलं, लघवीचं सॅम्पल घेतलं आणि मग रिपोर्टची वाट न बघता लगेच इंजेक्शन सुरू केलं. हा क्रम महत्त्वाचा, कारण अँटिबायोटिक आधी गेलं की कल्चरमध्ये जंतू सापडायची शक्यता कमी होते, आणि एवढ्या गंभीर पेशंटमध्ये थांबून राहणंही परवडत नाही. डॉक्टरांनी त्याआधी विचारलं की पेनिसिलिनची किंवा अशा कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का. मला आठवलं की खूप वर्षांपूर्वी आईला कुठल्यातरी गोळीने पुरळ आलं होतं, नाव आठवेना. ते नीट खोदून विचारत बसले, लगेच आलं की दोन दिवसांनी, श्वासाचा त्रास झाला का, ओठ सुजले का. सगळं ऐकूनच ठरवलं की द्यायला हरकत नाही, आणि पहिल्या डोसला सिस्टर शेजारीच उभ्या होत्या.

व्हायलमध्ये पांढरट पिवळसर पावडर असते. १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये १० मिली स्टराइल वॉटर घालून हलवलं की विरघळते आणि पिवळं पाणी दिसतं. मी पहिल्यांदा बघून घाबरलेच, खराब झालंय की काय! तर नाही, फिकट पिवळा ते थोडा गडद पिवळा रंग नॉर्मल असतो. गढूळ दिसलं किंवा कण तरंगत असले तर मात्र ते द्यायचं नाही. आईला रोज २ ग्रॅम, १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात. औषध शरीरात बराच वेळ टिकतं म्हणून बहुतेक इन्फेक्शनला दिवसातून एकदाच पुरतं, मेंदूज्वरासारख्या आजारात दर १२ तासांनी देतात.

आता जे खरं सांगायचंय ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्युटी बदलली, नवीन सिस्टर आल्या, आईला रिंगर लॅक्टेटची (आरएल, सलाईनचाच एक प्रकार) बाटली चालू होती आणि त्यांनी अँटिबायोटिक त्याच लाईनला जोडायला घेतलं. तेवढ्यात सीनियर सिस्टर मागून म्हणाल्या, "अगं थांब, आरएल आहे ना ते!" रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, हे औषध कॅल्शियमला भेटलं की न विरघळणारे बारीक कण होतात, ते रक्तात जाणं धोक्याचं. मग आरएल बंद केलं, लाईन सलाईनने फ्लश केली आणि नंतरच औषध लावलं. नवजात बाळांमध्ये तर कॅल्शियमची सलाईन चालू असेल तर हे औषध देतच नाहीत, काविळीच्या बाळांनाही देत नाहीत. आणि एवढी मोठी गोष्ट आमच्या खोक्यात आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात! व्हायलवर ठळक छापायला काय हरकत आहे? माझी एकमेव मोठी तक्रार हीच.

कमरेत, म्हणजे स्नायूत देतात तेव्हा खूप दुखतं, म्हणून लिडोकेनमध्ये, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. पण लिडोकेनमध्ये कालवलेलं औषध शिरेतून कधीच द्यायचं नाही. म्हणून घरी कोणाला बोलावून इंजेक्शन घेत असाल तर कशात कालवलंय हे विचारा, विचारायला लाजू नका.

साइड इफेक्ट म्हणाल तर आईला थोडे जुलाब झाले, दोन दिवसांत थांबले. पाण्यासारखे वारंवार झाले किंवा रक्त पडलं तर लगेच सांगा, कोर्स संपून काही आठवडे झाले तरीही, आणि जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, असं बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा लाल होऊन दुखायला लागली, सिस्टरांनी ती काढून दुसऱ्या हाताला लावली.

चौथ्या दिवशी ताप उतरलेला, आई स्वतःहून पाणी मागायला लागलेली, कल्चरमध्ये ई. कोलाय आला आणि डॉक्टर म्हणाले की आता गोळीवर जाऊ. मी चक्क भांडले, इंजेक्शनच जास्त पॉवरफुल ना, मग कशाला बंद करता? त्यांनी रिपोर्ट उघडून दाखवलं की या जंतूवर ही गोळीही चालते, आईच्या पोटात काही टिकतंय, मग हाताला सुई ठेवून नवीन इन्फेक्शनला वाट कशाला द्यायची. पटलं. एकूण ७ दिवसांचा कोर्स पूर्ण केला.

औषधाला पाचपैकी पाच, आतल्या कागदाला एक. आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी आता लाल पेनाने लिहून ठेवलंय: सेफ्ट्रायक्सोन दिलं, अ‍ॅलर्जी आली नाही, तारीख आणि डोस. आणि त्याच्या खाली, जुन्या गोळीने पुरळ, नाव माहीत नाही.