मारुती ८०० चं इंजिन बांधून काही महिने वापरल्यावर

गाडी जुनी, कार्ब्युरेटरची मारुती ८००. एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचं भोक) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. बोअर, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि हेडची कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपकडे, जोडणी गॅरेजमध्ये. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्या आठवड्यात गोडच चालतं. काम कसं झालंय ते पुढे काही महिन्यांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) सांगते. इथे निकाल चांगला आहे: दोन ऑइल बदलांच्या मध्ये टॉपअप लागत नाही, निळा धूर गेला, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) जवळजवळ सारखं. तक्रारी आहेत, त्या शेवटी.

खोलण्याआधी निदान. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की निळा धूर येत असेल, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. चढावर जोर देताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. खात्रीसाठी इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्या. मग प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्या. आकडा उसळला तर रिंग-बोअर गेलंय, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. नुसत्या सीलचं काम असताना पूर्ण इंजिन उतरवलेल्या गाड्या कमी नाहीत.

बोअर मोजायचा तो बोअर गेजने: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथे थांबते तिथे. नखाला तिथे पायरी लागली की नुसत्या रिंगा बदलण्यात अर्थ नाही. नवी रिंग त्या पायरीवर आपटते आणि मोडते. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ आणि ०.५० मिमीचे मिळतात, म्हणजे बोअर ६८.७५ किंवा ६९.००.

एक गोष्ट मशीन शॉपवाल्याला पुन्हा पुन्हा सांगावी लागते: आधी पिस्टन, मग बोअर. तिन्ही पिस्टन त्याच्या टेबलावर ठेवा, नंबर घाला, आणि प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनला मापून करायला सांगा. क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) पिस्टनच्या खोक्यावर छापलेला असतो, तोच धरायचा. "चालतंय की, सगळे एकच असतात" हे ऐकून घेऊ नका. होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) रेघा एकमेकींना तिरक्या छेदलेल्या दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर ऑइल धरत नाही, रिंगा बसत नाहीत, आणि इंजिन नवं असूनही ऑइल खात राहतं.

०.५० च्या पुढे झीज गेली असेल तर स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नवी नळी) टाका. बाजारातलं जुनं हाफ इंजिन (हेडशिवायचं) स्वस्त वाटतं, पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो आणि आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या वेळी तिथेच गाडी अडते.

ब्लॉक परत आला की तो धुण्यात हात आखडता घेऊ नका. माझ्या मते अर्धी कामं इथेच बिघडतात. होनिंगची बारीक पूड धातूच्या रेघांत रुतलेली असते; रॉकेल-पेट्रोलने ती निघत नाही, फक्त पसरते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश. मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवायचं. करडा डाग पडतोय तोवर पुन्हा धुवायचं. वाळताक्षणी ऑइल चोळा, पावसाळ्यात तर बीड बघता बघता गंजतं. क्रँकची ऑइलची भोकंही तशीच: ग्राइंडिंगचा गाळ आत राहिला की पहिल्या काही किलोमीटरमध्ये नवे बेअरिंग खरवडले जातात. भोकांच्या कडा बोथट केलेल्या हव्यात, आणि जर्नलच्या (क्रँकवर बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई राखलेली हवी. कोपरा काटकोनात कापला तर क्रँक पुढे तिथूनच तडकतो.

हेडवर सरळपट्टी ठेवून ०.०५ मिमीचं फीलर (फट मापायची पातळ पट्टी) आत गेलं तर फेसिंग (तळ सपाट करून घेणं), तेही लागेल तेवढंच. गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) ढिले असतील तर नवे सील फार दिवस टिकत नाहीत, म्हणून आधी गाइड. लॅपिंग (व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर पेस्टने घासणं) झाल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवा. व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली तर पुन्हा घासा.

जोडताना रिंगांचा गॅप (दोन टोकांमधली फट) बोअरमध्ये पाहा: रिंग पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलायची आणि फीलर लावायचं. या बोअरला वरच्या रिंगेसाठी पाव मिमीच्या आसपास ठीक. गॅप एका रेषेत नकोत. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. पान्याच्या अंदाजाने नाही. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँकचे पुढचे-मागचे सील याच वेळी बदला. हे भाग वाचवून काही शिल्लक पडत नाही. प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, मगच पहिलं स्टार्ट.

सुरुवातीला साधं मिनरल ऑइल. तासन्‌तास आयडलवर ठेवू नका. रिंगा लोडखाली बसतात. वेग बदलत, मध्येमध्ये चढ देत चालवा, पण इंजिन ताणू नका. पाचशे किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला आणि टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) थंड इंजिनावर पुन्हा सेट करा. पहिलं ऑइल काळपट, चमकदार कणांचं निघतं, ते ठीक. तांबूस-पिवळट चुरा दिसला तर बेअरिंग. रेडिएटर साफ करून कूलंट भरलेला हवा. नळाचं पाणी आणि चोंदलेला रेडिएटर नव्या हेडलाही वाकवतो.

आता तक्रारी. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची ओ-रिंग पॅकिंग सेटमधली घातली ती कडक होऊन झिरपली, चांगली वेगळी घ्यायला हवी. टॅपेटचा आवाज थंडीत थोडा आहेच, रॉकर शाफ्टची झीज तशीच ठेवल्याचा तो परिणाम. आणि आयडलवरची थरथर जास्त जाणवते: इंजिन बांधलं, माउंटिंग (इंजिन ज्यांवर टेकतं ते रबर) जुनीच राहिली. त्यात तीन सिलिंडरचं इंजिन तसंही थरथरतं. पुढचा खर्च माउंटिंगचा.