आठ महिने खाऱ्या पाण्यात: 16 फुटी बोट आणि तिचा ट्रेलर

ऑक्टोबर ते मे असा पुरा हंगाम रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांमध्ये वापरल्यानंतरचा हा अनुभव. 16 फुटी फायबरची बोट, 40 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन आणि पाट्यांच्या स्प्रिंगचा, एका आसाचा ट्रेलर. सामानासकट वजन 800 किलोच्या आसपास. बोटीबद्दल तक्रार जवळजवळ नाही. वेळ, पैसा आणि डोकेदुखी यांतला मोठा वाटा ट्रेलरनं खाल्ला. नवे मालक बोट दहादा पाहतात आणि ट्रेलर फॅब्रिकेटरवर सोडून देतात, चूक तिथेच होते.

हा ट्रेलर चौकोनी पाइपचा, वरून रेड ऑक्साइड आणि रंग मारलेला. चौथ्या महिन्यात वेल्डिंगच्या कडेनं तांबूस रेघा आल्या, आठव्या महिन्यात खालच्या पाइपवर हातोडी मारली तर आवाज बद्द येत होता. पाइप आतून सडतो. खारं पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते. पुन्हा घ्यायचा झाला तर उघड्या सी-चॅनलचा (C आकाराच्या लोखंडी पट्टीचा), वेल्डिंग आणि भोकं पूर्ण झाल्यावर हॉट-डिप गॅल्वनाइज केलेलाच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलाच, घ्यावा. पाइपचा असेलच तर प्रत्येक पाइपच्या सर्वांत खालच्या टोकाला 12 मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. आणि ट्रेलर हेही कायद्यानं वाहनच, त्यामुळे आरटीओ नोंदणीचे कागद ट्रेलर बनवणाऱ्याकडून आधी घ्या, पैसे नंतर द्या.

आता बेअरिंग. एवढा एक भाग नीट सांभाळला तरी बोट रस्त्यात उभी राहण्याची बरीचशी भीती संपते. पन्नास-साठ किलोमीटर ओढून आणल्यावर हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसवलेला भाग) गरम झालेला असतो. तो तसाच पाण्यात घातला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. म्हणून धक्क्यावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. बाकीची तयारी त्याच वेळात होते. हबला हात लावून पाहा: कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर आत काहीतरी बिघडलंय.

दर दोन महिन्यांनी हब उघडायचा. टोपी काढल्यावर ग्रीस मूळच्या रंगाचं आणि चिकट असेल तर सील शाबूत आहे. ते ताकासारखं पांढरट, पातळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. मग सगळं ग्रीस पुसून काढायचं, रॉकेलनं धुवायचं, बेअरिंगच्या रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे असतील तर बेअरिंग तिच्या बाहेरच्या कडीसकट बदलायची. साधं ग्रीस नको, पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस हवं, आणि ते तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत दाबायचं. बसवताना चाक फिरवत नट आवळा. फिरणं जड झालं की नट पूर्ण सैल करा, मग नुसत्या बोटांनी बसेल तेवढाच घट्ट करून स्प्लिट पिन घाला. पिन दर वेळी नवीन. फार आवळलं तर बेअरिंग जळते, सैल राहिलं तर चाक डुगडुगून सील खातं. तपासायला चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, अगदी किंचित खेळ असावा. गाडीत ग्रीस भरलेला एक तयार हब, सील आणि पिना कायम ठेवा.

बोट उतरवण्याचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. भरतीची ढोबळ वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत गेलं की ती आणखी उशिरा. उधाणाला मुंबई-अलिबागकडे भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो, आणि सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत त्यातलं निम्मं पाणी सरकतं. म्हणजे तासाला मीटरभर. आपल्याकडच्या बोट उतरवायच्या बऱ्याच उतारांचं काँक्रीट ओहोटीच्या रेषेआधीच संपतं आणि पुढे चिखल किंवा तुटकी कड असते. चाक त्या कडेखाली उतरलं तर ट्रेलर वर येत नाही. त्यामुळे भरतीच्या दोन-अडीच तास आधी उतरवा, भरतीनंतर दोन तासांच्या आत वर घ्या. नवख्यानं पहिल्या खेपा भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, लहान) भरतीलाच कराव्यात, पाणी सावकाश हलतं.

उतारावर जाण्याआधी, सपाट जागेवरच: बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावा, मागचे पट्टे सोडा, इंजिन वर उचला, दिव्यांची वायर काढा, नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) दहा मीटर दोर बांधा. विंचचा (ट्रेलरवरच्या, बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) पट्टा आणि साखळी मात्र बोटीचा मागचा भाग तरंगेपर्यंत काढू नका. ओल्या उतारावर रोलरवरून बोट आपोआप सुटते आणि थेट काँक्रीटवर येते. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरा: हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो. गाडीची मागची चाकं हिरव्या शेवाळाच्या रेषेच्या वरच राहिली पाहिजेत. हँडब्रेक ओढल्यावरही चाकामागे लाकडी ठोकळे लावा.

गाडीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. आजकालच्या बऱ्याच एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. वर ओढताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी पडून जागच्या जागी फिरतात. फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो गिअर असलेली गाडी असेल तरच शेवाळलेल्या उतारावर भरवसा ठेवा.

वर घेताना चूक होते ती ट्रेलर फार खोल नेण्याची. खोल पाण्यात नाळ विंचपाशी बरोबर बसते, पण मागचा भाग प्रवाहाबरोबर सरकतो आणि ट्रेलर वर आला की बोट तिरकी टेकते. आधाराच्या फळ्यांचा मागचा दोन-तृतीयांश भाग पाण्यात असावा, तेवढा बास. बोट शेवटी विंचनं ओढा, इंजिनाच्या जोरावर चढवू नका. पंख्याच्या झोतानं उताराच्या टोकाखालची माती उडते आणि खड्डा पडतो. वर आल्यावर बूच काढा आणि रस्त्यासाठी मागून 50 मिलिमीटरचे दोन पट्टे आवळा. विंच म्हणजे बांधणी नव्हे.

मे महिन्यात कोकणात धुवायला पाणी मिळणं मुश्कील. त्यावर उपाय म्हणजे 16 लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप, मात्र औषध न घातलेला, नवा. दोन पंपांत स्प्रिंगच्या पाट्या, यू-बोल्ट, आस आणि विंच नीट धुऊन होतात. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे मीठ सर्वांत जास्त बसतं. दिव्यांसाठी मागे बांधायची सुटी पट्टी करून घेतली ते उत्तम झालं, पाण्यात बुडायचा प्रश्नच मिटला.

इंजिन दर खेपेनंतर 200 लिटरच्या ड्रममध्ये गोड्या पाण्यात दहा मिनिटं, मंद वेगावर. बाजूची पाण्याची धार बारीक झाली तर इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणारं चक्र, पाहा, खाडीचा गाळ त्याची रबरी पाती झिजवतो. हंगामाला एक इम्पेलर धरूनच चला. दोन महिन्यांनी पंखा काढून मागे तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळलं गेलंय का बघा, तेच सील कापतं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजावा म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की बदला, त्यावर रंग देऊ नका. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण खेपेपुरतंच बनवा. या इंजिनाला 50:1, म्हणजे लिटरला 20 मिलि तेल.

पावसाळ्यात बोट नाळ उंच करून, इंजिन उभं ठेवून, ट्रेलर ठोकळ्यांवर चढवून ठेवा. झाकणाखाली मधोमध बांबू लावा. बूच राहिलं, किंवा पानांनी भोक बुजलं, तर 6 चौरस मीटरच्या बोटीत 100 मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात 600 लिटर, म्हणजे 600 किलो पाणी साठतं. तेवढ्यानं आस वाकतो. काढलेलं बूच इंजिन बंद करायच्या लाल दोरीलाच अडकवून ठेवायचं. ती दोरी लावल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, त्यामुळे बूच हातात आल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलत नाही.