क्रोबार: काही महिने वापरल्यावर

टेंभी नाक्याची दहीहंडी गॅरीज मॉडमध्ये (हवी ती दृश्यं रचता येणाऱ्या गेममध्ये) उभी करायची, असं आम्ही ठाण्यातल्या मित्रांनी ठरवलंय. गोविंदा म्हणून हाफ-लाइफ 2 या गेममधले (2004) नागरिक घेतले. त्यांचे कपडे बदलायचे तर आधी कम्पाइल झालेलं, म्हणजे गेमसाठी बंदिस्त केलेलं, 3डी मॉडेल उघडावं लागतं, आणि ते काम क्रोबार हे सॉफ्टवेअर फुकटात करतं.

मॉडेलच्या मुख्य एमडीएल फाइलसोबत तिच्या व्हीव्हीडी, व्हीटीएक्स आणि पीएचवाय या जोडफाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवा. व्हर्टेक्सची (मॉडेलचा आकार ठरवणाऱ्या बिंदूंची) माहिती व्हीव्हीडीत असते, एमडीएलमध्ये नाही. डीकम्पाइल केल्यावर, म्हणजे मॉडेल उलगडल्यावर, मेशच्या (त्या बिंदूंच्या जाळीच्या) एसएमडी फाइली आणि एक क्यूसी, म्हणजे कम्पाइलच्या सूचनांची मजकूर फाइल, हाती येते. चालणं-धावणं फारसं मिळत नाही, कारण नागरिकांचं बहुतेक अ‍ॅनिमेशन वेगळ्या सामायिक मॉडेलमध्ये असतं.

मेश ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की सगळे त्रिकोणच दिसतात आणि यूव्हीच्या (मॉडेलवर चित्र बसवायच्या नकाशाच्या) शिवणीवर ते सुटे झालेले असतात. कलाकाराची मूळ फाइल परत मिळेल ही अपेक्षा आधीच सोडा, कुठलंच साधन ती देऊ शकत नाही. टी-शर्टसाठी बाही कोपराच्या वर कापली, तर आत दंडच नाही! जे दिसणार नाही ते गेमवाले बनवतच नाहीत. दंड नव्याने बनवून वेट्स रंगवले, म्हणजे कुठला बोन (सांगाड्याचं हाड) कुठला भाग किती हलवेल ते ठरवलं. या गेम ज्यावर चालतात ते सोर्स इंजिन एका व्हर्टेक्सला जास्तीत जास्त 3 बोन्स देतं, त्यामुळे खांद्याजवळ फार जपून काम करावं लागलं.

पण माझ्या मते क्रोबारची खरी किंमत क्यूसीत आहे. पीएचवायमधल्या सांध्यांच्या मर्यादा तिथे साध्या मजकुरात येतात: 'जॉइंटकन्स्ट्रेन'च्या ओळीत बोनचं नाव, अक्ष आणि किती अंशांपासून किती अंशांपर्यंत वळायचं ते. खालच्या थरातला गोविंदा गुडघ्यात किंचित वाकून, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकून उभा असतो. खांद्याचे आकडे थोडे सैल केले आणि हात बरोबर तिथे पोचले. हे आकडे अंदाजाने शोधायचे म्हटले असते, तर गोपाळकाला उलटून गेला असता.

चेहऱ्याचे हावभाव व्हीटीए फाइलमध्ये येतात. मी ते आधी इम्पोर्ट करतो, सुटे व्हर्टेक्स त्यानंतरच जोडतो.

दुसऱ्या मॉडरचं (गेममध्ये हौसेने बदल करणाऱ्याचं) मॉडेल असेल तर उघडण्याआधी त्याला विचारा. त्याने त्यावर रात्री जागवलेल्या असतात. आणि कम्पाइल करण्यापूर्वी क्यूसीतली 'मॉडेलनेम'ची ओळ बदलून स्वतःचा वेगळा फोल्डर द्या, म्हणजे गेममधला मूळ नागरिक जागेवर राहील आणि तुमचा गोविंदा वेगळा दिसेल.