छोट्या रिसॉर्टवर स्कीइंग: बुधवार की शनिवार?

छोट्या रिसॉर्टवरच्या जुन्या खुर्ची-लिफ्ट साधारण सेकंदाला अडीच मीटर वेगाने चालतात. म्हणजे एक किलोमीटरची चढण जवळपास सात मिनिटांची. उतरायला तीन मिनिटं धरली, तर बुधवारी रांगेशिवाय तासाला सहा फेऱ्या होतात. शनिवारी रांगेतच पंधरा-वीस मिनिटं गेली, की जेमतेम दोन.

पण याच सहा फेऱ्या पायांना महागात पडतात. रांगेत मिळणारी सक्तीची विश्रांती बुधवारी नसते. मांड्या थकल्या की वळण उशिरा घेतलं जातं, वजन मागे जातं आणि स्कीची टोकं ऐकेनाशी होतात. म्हणून तासाभराने दहा मिनिटं थांबा, तहान नसली तरी पाणी प्या.

बर्फाचा फरक तर फारच मोठा. यंत्राने रात्री सपाट केलेला उतार शनिवारी लवकर खरवडला जातो. खाली कडक थर उघडा पडतो, कडेला ढिगारे साचतात. बुधवारी तोच उतार बराच वेळ टिकतो.

भाड्याचे बूट घेतानाही बुधवारी घाई नसते. एकच पातळ मोजा घाला. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, मात्र तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या. वजन, उंची, वय आणि कौशल्य खरं सांगा.

शनिवारची बाजू एवढीच, की सगळ्या लिफ्ट सुरू असण्याची शक्यता जास्त. मधल्या वारी काही बंद असतात, काही रिसॉर्ट तर पूर्णच. आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पाहा. नवशिक्यांनी बुधवारच निवडावा.