ड्रायव्हर साइडच्या दाराची बिजागरी घरीच बदलली, सेट चांगला पण बोल्ट वेगळे घ्या

घर गोव्यात मोरजीला, समुद्र पाच मिनिटांवर, त्यामुळे खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. गाडी १३ वर्षांची. चालवते जास्त करून आईच आणि ड्रायव्हरचं दार इतकं लोंबलं होतं की बंद करताना उचलून आपटावं लागायचं, तिचा उजवा खांदा आधीच दुखतो, मग ती गाडी अंगणात लावून हाक मारायची, बाबू दार लाव रे.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्याने बिजागरीला हातसुद्धा न लावता बॉडीवरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक अडकतं तो हूक, खाली सरकवून दिला. दार लागायला लागलं खरं पण लोंबलेलं ते लोंबलेलंच, वरच्या कोपऱ्यात रबर नीट दाबलं जाईना आणि पहिल्याच मोठ्या पावसात सीट भिजली. म्हणून कळकळीने सांगतोय, आधी दार अर्धं उघडा, टोकाला धरून वर उचलून बघा. पिनेपाशी प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर पिन-बुश (पिन आणि ती फिरते ती नळी) गेलंय, आख्खी बिजागरीच हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत. स्ट्रायकरला हात सगळ्यात शेवटी.

म्हापशातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून वरची-खालची जोडी घेतली. काउंटरवरच्या काकांनी जुनी बिजागरी बघायला मागितली नाही, गाडीचं मॉडेल, वर्ष आणि दार कुठल्या बाजूचं एवढंच विचारलं आणि बरोबर पार्ट काढून दिला. पिन घट्ट, हाताने हलवली तर एकसारखी जड फिरते, कुठे खडखड नाही. भोकं जुन्याशी तंतोतंत जुळली.

काम मी आणि भाच्याने रविवारी सकाळी केलं. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तरी एक बोल्ट सुटताना असा कडकडला की आता तुटला असंच वाटलं. दाराखाली जॅक, त्यावर फळी, फळीवर जुनी गोधडी. बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून घेतली आणि एका वेळी एकच बिजागरी काढली, दोन्ही एकदम काढू नका, दाराचं सगळं वजन जॅकवर येतं आणि पिलरमधून जाणाऱ्या वायरींना ताण बसतो. स्टॉपरची पट्टी सोडवली असेल तर कोणीतरी दार धरूनच ठेवा, नाहीतर जास्त उघडून फेंडरला आपटेल.

जुनी वरची पिन काढून बघितली, मधोमध चर पडलेली, नख अडकतं एवढी, आणि बुशचं गोल भोक लांबट झालेलं. दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं, त्यामुळे वरच्या पिनेत थोडीशी झीज झाली तरी तिकडे टोकाला दार चांगलंच खाली येतं.

खरा वेळ बसवण्यात नाही, ॲडजस्ट करण्यात गेला. रेघेवर बसवलं तरी मागची फट वर कमी आणि खाली जास्त दिसत होती, बोल्ट थोडे ढिले करून जॅक किंचित वर घ्यायचा, आवळायचे, दार हळूच लावून बघायचं, असं पाच-सहा वेळा. मग स्ट्रायकर परत वर आणला, त्याची मूळ जागा रंगातल्या जुन्या खुणेवरून सापडली. शेवटी रबरात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढून बघितला, चारी बाजूंनी सारखाच घट्ट.

आता दार बोटाने ढकललं तरी टक करून लागतं. आईने तीनदा उघडून लावून बघितलं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण सेटमध्ये बोल्ट येत नाहीत आणि जुन्यांचे आटे गंजलेले असतील तर परत म्हापशाला फेरी पडते, मला पडली. बिजागरी नुसत्या काळ्या प्रायमरवर येते, आमच्याकडच्या हवेत ती तशीच ठेवायची नाही. मी सध्या ग्रीस लावून ठेवलंय, पाऊस उघडला की चवथीच्या आधी रंग मारून घेणार.